हत्यार बाहेर, मूठ आत

आमच्या दुकानाचा एकच कडक नियम होता. हत्यार उंबऱ्याच्या बाहेर, मूठ आत. गिऱ्हाइकानं आधी परवान्याचं पुस्तक दाखवायचं, मग बाहेरच्या कट्ट्यावर बसून स्वतःच्या हातानं मुठीचा स्क्रू काढायचा आणि नुसत्या दोन फळ्या आमच्याकडं द्यायच्या. उरलेलं लोखंड फडक्यात गुंडाळून त्यानं घरी न्यायचं. नियम उस्तादांचा. बिदरच्या एका गल्लीत त्यांचं बिदरी कामाचं दुकान होतं आणि मी त्यांच्या हाताखाली सत्तावीस वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत पिस्तुलं-रिव्हॉल्वरांच्या कितीतरी मुठी मी सजवल्या आणि त्यातलं एकही हत्यार हातात धरलं नाही. माझी नात कॉलेजात सांगते, आमची आजी पिस्तूलवाली आहे. मैत्रिणी तिच्याशी भांडायचं बंद करतात म्हणे. पोरीचा फायदा होत असेल तर आपण कशाला खरं सांगायचं.

बाहेरच्या वाचकाला थोडं समजावून सांगते. मूठ म्हणजे दोन पातळ फळ्या, एक डावी, एक उजवी. मधल्या लोखंडाला दोन्हीकडून चिकटतात आणि एक स्क्रू त्यांना आरपार धरून ठेवतो. फळ्या लाकडाच्या असतात, हल्ली प्लास्टिकच्या. त्या तडकतात, झिजतात, आणि जुन्या हत्याराच्या नव्या फळ्या मिळत नाहीत. माणूस मग शोधत निघतो. हैदराबादला जातो, सोलापूरला विचारतो, कुणीतरी म्हणतं बिदरला एक म्हातारा आहे. असे वर्षाकाठी चार-पाच जण आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. बाकी आमचा धंदा सुरया, पानदान आणि आहेराच्या ताटांचा.

मी मूळची मंठाळची. चाळिसाव्या वर्षी, मुलं शाळेला गेली की दुपार खायला उठते म्हणून उस्तादांकडं चांदीची तार ठोकायला बसले. त्या वेळची मी आठवली की हसू येतं. दोन ताटं पुरी केली आणि आपल्याशिवाय दुकान चालत नाही असं मला वाटायला लागलं. उस्ताद पाहुण्यांना सांगायचे, "हमारी अक्का बहुत जल्दी सीखी. आता फक्त हात शिकायचा राहिलाय." मी ते कौतुक समजून चहा टाकायला उठायची.

त्या कामात एक घटका अशी येते की तिच्यासाठी मी बाकीचं सगळं केलं. जस्तात थोडं तांबं घालून वस्तू ओतायची, छिन्नीनं नक्षी कोरायची, चरात चांदीची तार बसवायची. इतकं होईपर्यंत सगळं राखाडीच दिसतं, चांदी कुठं आणि जस्त कुठं कळत नाही. मग किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवायची, वस्तू तापवायची आणि त्या मातीनं घासायची. घासता घासता जस्त काळं होत जातं, अमावस्येच्या आभाळासारखं, आणि चांदी आहे तशी राहते. आपण काय केलंय ते आपल्यालाच तेव्हा पहिल्यांदा दिसतं. दुपारची तिरीप कौलातून खाली उतरलेली असायची, मातीचा ओला वास असायचा, आणि माझ्या मांडीवर कुठल्या तरी न पाहिलेल्या हत्याराच्या मुठीत जडवायची बिदरी पट्टी उजळत असायची. अजून जन्मलं नाही त्या बाळाची कुंची शिवावी तसं ते होतं. ते हत्यार कसं असेल, कुणाच्या उशाखाली असेल, मी मनानं बघत बसायची. माझी सगळी हत्यारं शांत होती. एकही कधी वाजलं नाही.

गिऱ्हाइकं मात्र इतकी शांत नसत. कलबुर्गीकडचा एक तुरीचा व्यापारी आला, त्याला मुठीवर लक्ष्मी हवी होती. उस्तादांनी विचारलं, "शेटजी, मूठ धरली की हाताचा घाम कुणाला लागंल?" व्यापाऱ्यानं कान धरले. शेवटी तुरीच्या शेंगांचा वेल काढून नेला. दुसरा एक, नुकतं मिसरूड फुटलेला, लग्नाच्या वरातीत दाखवायला मूठ हवी म्हणाला.

"लायसन?" उस्ताद म्हणाले.

"काढायलोय, चाचा. मूठ काय हत्यार हाय का? तिला कशाला लायसन?"

"मग नुसती मूठ कमरंला लावून फिर. वारा लागंल हाताला."

पण मला सांगायची आहे ती गोष्ट सुभेदारांची. ती घडली तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

मार्गशीर्ष अर्धा सरला होता. खटकचिंचोळीहून एक बाई आल्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. नाव शेवंताक्का. कट्ट्यावर न बसता थेट आत आल्या आणि पाणीसुद्धा न मागता बोलायला लागल्या. त्यांचे मालक फौजेतून सुभेदार होऊन आलेले. घरी परवान्याचं रिव्हॉल्वर. दोन वर्षांपासून म्हाताऱ्यांचं ध्यान जागेवर नव्हतं.

"मागल्या आठवड्यात माझ्याकडंच धरलं बघा त्यांनी," शेवंताक्का म्हणाल्या. "मी पाणी घिऊन गेले, तर इचारायलेत, कोण हाईस तू? मी म्हनलं, तुमची बायकू. तर म्हंतेत, खूण सांग."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. शेताचे गट नंबर सांगितले. तवा खाली केलं."

गोळ्या त्यांनी तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी लपवल्या होत्या. पण आणखी कुठं आहेत का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि ठेवणाऱ्याला तर नव्हतंच. ठाण्यात अर्ज देऊन झाला होता, हत्यार जमा करायला ठाण्यातले तयार होते. म्हातारे तयार नव्हते. आणि येळवस बारा दिवसांवर आली होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या सीमाभागात त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळं घर शेतात, कडब्याच्या खोपीत पूजा, भज्जी-आंबिलाचं जेवण, पै-पाहुणे, पोरं ज्वारीत लपंडाव खेळत असतात. सुभेदार दरसाल त्या दिवशी रिव्हॉल्वर कमरेला लावून शेतात जात. तो त्यांचा थाट होता. यंदा सात नातवंडं येणार होती.

"ज्वारीतून एखादं लेकरू भ्वॉ करून समोर आलं तर?" शेवंताक्का म्हणाल्या. 

"त्यांना देऊ वाटत नाही, तर मूठ कशाला हवी?" मी विचारलं.

"तेच तर. ते म्हंतेत, लोखंड सरकारचं, घिऊन जाऊ द्या. मूठ माझी. चाळीस वर्सं माझ्या हातानं झिजलीय, ती देणार न्हाई. आन् बिनमुठीचं बी देणार न्हाई. लेक सासरी धाडताना उघडी धाडतेत का, म्हंतेत. चांगलं नेसवून धाडा."

असं गिऱ्हाईक आमच्याकडं कधी आलं नव्हतं. लोक मूठ घेतात हत्यार जवळ ठेवायला. इथं नवी मूठ हवी होती ती हत्याराला निरोप देण्यासाठी. मी तिथंच ठरवलं की हे काम असं करायचं की ठाण्यातल्या कपाटातसुद्धा लोकांनी काढून काढून बघावं. उस्ताद म्हणाले, "अक्का, शिसवीच्या फळ्या कर, वर तारेची एक वेल. बस हो गया." त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती, ते फक्त बोटांनी तपासत. मी मनात म्हटलं, लेकीच्या पाठवणीला साधं लुगडं? अख्खी मूठच बिदरीची करते.

"जस्त ठिसूळ है," उस्ताद म्हणाले.

"मी बघते," मी म्हणाले. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका या दोन शब्दांनी सुरू झाल्या.

जुन्या फळ्या सुभेदार घराबाहेर नेऊ देणार नव्हते, म्हणून माप घ्यायला मीच गेले. भालकीवरून बस. दोन्हीकडं तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, वर धुकं, आणि बस त्यातून अशी चाललेली की आपण कुठं जातोय ते विसरावं. मी विसरलेच. म्हणजे ठसा घ्यायचं मेण दुकानात विसरले. खटकचिंचोळीला उतरल्यावर आठवलं.

सुभेदार ओसरीवर खुर्चीत ताठ बसले होते. गोरे, उंच, डोळे लांब कुठंतरी लागलेले. दोन फळ्या तळहातावर. अंगठ्याच्या जागी लाकडात खळगा पडला होता, नदीतल्या दगडाला पडतो तसा. त्यांनी त्या मला घटकाभरासाठी दिल्या. आत शेवंताक्का भाकरी थापत होत्या. मी काय केलं असेल? त्यांच्या काटवटीतला ज्वारीच्या पिठाचा उंडा घेतला आणि फळ्या त्यात दाबून ठसा डब्यात ठेवला. आपल्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की वाटेत बसमध्ये शेजारणीला डबा उघडून दाखवला.

ज्वारीच्या पिठाला चिकटा नसतो. भाकरीच्या कडा चिरतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. बिदरला पोचेपर्यंत ठसा सुकून आकसला होता, कडांना चिरा. मी त्या पाण्याच्या बोटानं लिंपल्या आणि अंदाजानं साचा केला. त्यात ओतलेलं जस्त थंड होताना आणखी थोडं आकसतं, तेही आहेच. उस्तादांनी ठशावरून बोट फिरवलं.

"अक्का, ये मूठ है या नाश्ता?"

मी ऐकलं नाही. चार दिवस कोरत बसले. लुगड्याच्या काठासारखी वेलबुट्टी, मध्ये कोयऱ्या. माती लावून घासलं आणि चांदी वर आली तेव्हा मी फळी घेऊन उजेडात धावले. अजून सांगते, तसं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

येळवशीला पाच दिवस राहिले असताना ते घेऊन गेले. सुभेदारांनी ओसरीवर कांबळं अंथरलं, रिव्हॉल्वर काढलं. डोळे तसेच लांब, पण हातांना सगळं येत होतं. उघडून रिकामं आहे ते बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. माझ्या फळ्या लावल्या. स्क्रू एका बाजूनं गेला, दुसऱ्या फळीचं भोक तिळाएवढं बाजूला.

"बसत न्हाई," ते म्हणाले.

"जरा जोर लावा, साहेब. बसंल," मी म्हणाले.

त्यांनी लावला. मडकं टिचतं तसा बारीक आवाज झाला आणि माझ्या कोयऱ्यांचे दोन तुकडे कांबळ्यावर पडले.

सुभेदारांनी तुकडे बाजूला सारले. मग त्यांनी जुन्या फळ्या घेतल्या, आपल्या हातानं पुन्हा रिव्हॉल्वरला बसवल्या आणि ते कमरेला खोचलं. "ह्या बाईला जाऊ दे," म्हणाले. "मूठ मोडायलीय ही माझी."

शेवंताक्का मला वेशीपर्यंत सोडायला आल्या. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, तेच अवघड गेलं. एवढंच म्हणाल्या, "पोरींना फोन करून सांगू का, यंदा येऊ नका म्हणून?" येळवशीला लेकी-नातवंडांना येऊ नका म्हणणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बायकांना कळेल.

"उद्याचा दिवस थांबा," मी म्हणाले. "मी बघते" मात्र म्हणाले नाही.

परतीच्या बसमध्ये मला स्वच्छ दिसलं. मी त्या म्हाताऱ्यासाठी काही केलंच नव्हतं. मी बघणाऱ्यांसाठी केलं होतं. माप घ्यायला मला घाई, कारण मला नक्षीवर यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मेण घेऊन गेले. सुभेदारांनी मला ओळखलं नाही, हे माझं नशीब. आता फळ्या मागितल्या तर द्यायचे नाहीत, म्हणून मी ओसरीच्या खाली उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, मला शिकायचंय. मूठ काढायची कशी, घालायची कशी, तुमच्याशिवाय कोण दाखवंल?"

त्यांचे डोळे लांबून परत आले. "कितवी शिकलीस?"

"सातवी."

"बस झालं. बैस." आणि मग त्यांचा फौजेतला आवाज आला, ओसरीभर. "पहले खाली करो. फिर देखो. फिर दुबारा देखो. काय म्हनलं मी?"

"दुबारा देखो."

"तिबारा बी बघितलं तर कुणी मरत न्हाई. बघितलं न्हाई तर मरतंय."

शेवंताक्का दाराआड पदर तोंडाला लावून उभ्या. सुभेदारांनी स्क्रू काढला, फळ्या उतरवल्या. मी मेणाचा गोळा पुढं केला आणि म्हटलं, ह्याच्यावर ठेवून दाखवा, म्हणजे मला घरी सराव करता येईल. त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं एकेक फळी दाबून ठसा उठवला, नीट, शिस्तीत, भोकासकट. माझ्या जन्मात इतकं चोख माप मला मिळालं नव्हतं. उठताना म्हणाले, "चुकलीस तर पुन्हा येऊन विचार. लाजू नको."

शिसवी कानशीनं घासून फळ्या केल्या. उस्तादांनी बोट फिरवून कडा दोनदा परत करायला लावल्या. नक्षी म्हणून चांदीच्या तारेची एकच वेल, तिला पाच पानं. दोन दिवस गेले. येळवशीला एकच दिवस राहिला.

सकाळी ओसरीवर ऊन आलं होतं. सुभेदारांनी फळ्या घेतल्या, उलटसुलट केल्या. कांबळं अंथरलं. पहले खाली, फिर देखो, फिर दुबारा. जुन्या फळ्या काढून शेवंताक्कांच्या हातात दिल्या. नव्या चढवल्या. स्क्रू लोण्यात गेल्यासारखा गेला. मग त्यांनी मूठ मिटली.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते, कारण मला पसंती ऐकायची होती, दुसरं काही नाही. त्यांनी बोटं उघडली, पुन्हा मिटली. अंगठा खळगा शोधत होता. तिथं खळगा नव्हता, गुळगुळीत शिसव होतं आणि एक गार तार.  अंगणात एक कोंबडी फिरत होती, तिच्याकडं बघत होते की आणखी कशाकडं, सांगता येत नाही.

"ही कुणाची हाय?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. तुमचीच आहे, साहेब, हे ओठांवर आलं होतं. शेवंताक्कांनी माझ्या दंडाला चिमटा घेतला, पोरीला घेतात तसा.

"ठाण्यातली हाय," त्या म्हणाल्या.

"मग आपल्या घरात कामून? दुसऱ्याचं हत्यार घरात ठेवतेत व्हय? चला, ज्याचं त्याला देऊन टाकू."

त्यांनी स्वतः कोट घातला. आम्ही रिक्षानं ठाण्यात गेलो. शेवंताक्कांनी टेबलावर डाळीचा डबाच उपडा केला आणि हवालदार बिचारा तुरीच्या डाळीतून गोळ्या वेचत बसला. सुभेदार बाकावर, खिशात शेवंताक्कांनी परत दिलेल्या जुन्या फळ्या, हात खिशात. कागद झाले, सही झाली. सगळं इतकं सहज चाललं होतं की मला हे स्वप्नच वाटत होतं आणि कुणी मोठ्यानं बोलू नये असं वाटत होतं.

तेवढ्यात हवालदारानं रिव्हॉल्वर खिडकीच्या उजेडाकडं धरलं. वेलीवर ऊन पडलं. त्यानं बोट फिरवलं आणि विचारलं, "यारू माडिद्दु?" म्हणजे, कुणी केलं हे?

सुभेदारांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. शेवंताक्का भिंतीकडं बघायला लागल्या. मी केलं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न होता, कुणासाठी. मी एका माणसाचं त्याच्या हातातलं हत्यार त्याला परकं करून दिलं होतं. ते बरोबर केलं की फसवलं, याचा हिशेब माझा अजून लागलेला नाही. त्या क्षणी मात्र ज्वारीत लपलेली सात पोरं दिसत होती.

"काय की बाबा," मी म्हणाले. "बिदरचं काम दिसायलंय." आणि तिथं गप्प बसवलं नाही, म्हणून पुढं म्हणाले, "बरं हाय."

"बरं?" सुभेदार म्हणाले. त्यांनी हात पुढं करून हवालदाराकडच्या मुठीवरून अंगठा एकदा हळू फिरवला. "बाई, तुला काय कळतंय त्यातलं. लई निगुतीनं केलंय कुणीतरी. ज्याची हाय, तो नशीबवान हाय."